शेंगा खाणाऱ्या बैलाचं गाव

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बंगळूरच्या बुल टेंपल रोडवर वाहनांना वाव नसतो. रस्त्याच्या दोन्ही कडांना भुईमुगाच्या शेंगांचे ढीग लागलेले असतात. ओल्या, वाळलेल्या, भाजलेल्या, मिठाच्या पाण्यात उकडलेल्या. काही दोन दाण्यांच्या बुटक्या, काही तीन दाण्यांच्या लांबोडक्या. कोलार, चिंतामणी, मागडी, रामनगर, तुमकूर अशा भागांतून शेतकरी आलेले असतात, काही तर आंध्र आणि तमिळनाडूतून. बऱ्याच ढिगांवर वजनकाट्याऐवजी 'सेरु', म्हणजे आपला शेर, हे जुनं माप उभं असतं. बांगड्या, फुगे, भेळ, पाळणे हे सगळं असतंच, पण ते तोंडी लावण्यापुरतं. जत्रा शेंगांची. तिचं कानडी नाव 'कडलेकायी परिशे'.

परिशे म्हणजे जत्रा. शेंगांचा मान मात्र आधी बैलाचा. रस्त्याच्या चढाला टेकडीवर 'दोड्ड बसवण्णा'चं, म्हणजे थोरल्या बसवाचं देऊळ आहे. आत एकाच दगडातून घडवलेला सुमारे १५ फूट उंच आणि २० फूट लांब नंदी बसला आहे. मूळ दगड करडा, पण पिढ्यानपिढ्यांच्या तेला-कोळशाच्या लेपाने तो काळाकुळकुळीत झाला आहे. बसव म्हणजे बैल आणि गुडी म्हणजे देऊळ. या देवळावरून ज्या वस्तीला नाव पडलं ती बसवनगुडी. आजच्या घडीला बंगळूरमधल्या जुन्या, प्रतिष्ठित आणि जागेचे भाव ऐकून घाम फुटावा अशा वस्त्यांपैकी ती एक आहे.

या वस्तीचा इतिहास मात्र त्या शेंगांपासूनच सुरू करावा लागतो. लोककथा अशी: इथे सुंकेनहळ्ळी नावाचं गाव होतं. शेजारी गुट्टहळ्ळी, मावळ्ळी, दासरहळ्ळी ही गावं. सगळे शेंगा पिकवणारे. एक बैल रात्री येऊन उभं पीक खाऊन जाई. एका रात्री दबा धरून बसलेल्या शेतकऱ्याने त्याच्यावर सोटा हाणला. बैल जागच्या जागी बसला आणि दगड झाला. शेतकऱ्यांना पश्चात्ताप झाला, त्यांनी देऊळ बांधलं आणि पहिलं पीक बसवण्णाला वाहायची शपथ घेतली. पुढे म्हणे दगड वाढतच चालला, तेव्हा त्याच्या माथ्यावर लोखंडी त्रिशूळ बसवला आणि वाढ थांबली. बंगळूर वसवणाऱ्या पहिल्या केंपेगौडाने १५३७च्या सुमारास हे देऊळ बांधलं असं सांगतात. शहराच्या स्थापनेचं वर्षही तेच धरतात.

गोष्ट गोड आहे, पण तिच्यात एक खडा लागतो. भुईमूग मुळात दक्षिण अमेरिकेतला. युरोपातल्या दर्यावर्दींबरोबर तो आशियात आला, तोही सोळाव्या शतकात. म्हणजे देवळाच्या जन्मवर्षी सुंकेनहळ्ळीच्या माळावर शेंगांची शेतं डोलत असण्याचा संभव फार थोडा. कानडी शब्दच त्याची साक्ष देतो. 'कडले' म्हणजे हरभरा आणि 'कायी' म्हणजे शेंग. नवं पीक आलं तेव्हा लोकांनी त्याला ओळखीच्या हरभऱ्याचं नाव चिकटवलं असावं. तेव्हा बैलाने पहिल्यांदा खाल्लं ते पीक कदाचित दुसरंच असेल आणि शेंगा कथेत मागाहून शिरल्या असतील. कथेतला शेतकरी मात्र खरा. इथे शेती होती, पिकाची राखण होती आणि सुगीचा पहिला वाटा देवाला देण्याची रीत होती. बंगळूर शहराने सुंकेनहळ्ळी गिळून टाकली. तिचं नाव उरलं ते महापालिकेच्या एका प्रभागाला आणि दंतकथेला. तरी गावाची सुगी दरसाल ठरल्या सोमवारी रस्त्यावर येऊन बसते. आपल्याकडे कार्तिक महिना जसा मोजतात तसाच कर्नाटकातही मोजतात, त्यामुळे घरातलं मराठी पंचांग बघूनही या परिशेचा दिवस काढता येतो.

देवळाच्या शेजारी मोठा कातळ उघडा पडला आहे. त्याचं नाव 'बगल रॉक', कानडीत 'कहळे बंडे'. या उंचवट्यावर पहारेकरी तुतारी फुंकून गावाला इशारा देत, म्हणून हे नाव. आता तिथे बाग आहे, वडाच्या झाडांवर वटवाघळं लटकलेली असतात आणि सकाळी म्हातारी मंडळी फेऱ्या मारतात. ज्या दगडावरून ते चालतात त्याचं वय सुमारे ३०० कोटी वर्षं. सह्याद्रीचा काळा कातळ आपल्याला पुरातन वाटतो, पण तो जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा. ज्वालामुखीच्या लाव्हातून महाराष्ट्राची जमीन घडली त्याच्या कितीतरी आधी हा दगड पृथ्वीच्या पोटात तापून, दाबला जाऊन, पट्ट्यापट्ट्यांचा होऊन बसला होता. त्याच जातीचा कातळ जवळच्या लालबागेतही आहे आणि तो राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जपला आहे. लालबागेतल्या कातळाच्या माथ्यावर केंपेगौडांच्या काळच्या चार बुरुजांपैकी एक उभा आहे. दुसरा बसवनगुडीला लागून, केंपांबुधी तळ्याकाठी. शहर या बुरुजांपलीकडे जाणार नाही अशी त्या काळची अटकळ होती असं म्हणतात. आज त्या बुरुजांना शहराचा मध्य म्हणावं लागेल.

नंदीच्या पायथ्याशी, त्याच टेकडीच्या कुशीत, 'दोड्ड गणपती' आहे. एकाच शिळेतला, सुमारे १८ फूट उंच. ठरावीक दिवशी त्याला लोण्याने मढवतात. ही 'बेण्णे अलंकारा'ची पूजा असते आणि तिला शंभर किलोहून जास्त लोणी लागतं. मुंबई-पुण्याचा माणूस गणपतीपुढे मोदक ठेवून मोकळा होतो. इथे गणपतीच लोण्यात बुडतो.

या टेकडीचं आणखी एक देणं आहे, ते आता नाक दाबून सांगावं लागतं. नंदीच्या पायांशी वृषभावती नदी उगम पावते, असा तिथल्या शिलालेखातच उल्लेख आहे. बैलावरून नदीला नाव पडलं. ती पुढे अर्कावतीला मिळते आणि अर्कावती कावेरीला. शहर वाढलं तशी वृषभावती सांडपाण्याचा नाला झाली. वस्तीतलं करंजी नावाचं तळंही नाहीसं झालं. आज 'करंजी आंजनेय' या मारुतीच्या नावातच ते तळं शिल्लक आहे.

केंपांबुधी तळ्याकडे उतरलं की गवीपूर लागतं. 'गवी' म्हणजे गुहा. इथे खडकात कोरलेलं गवी गंगाधरेश्वराचं लेणीमंदिर आहे. मकर संक्रांतीच्या संध्याकाळी मावळतीचं ऊन बाहेरच्या नंदीच्या दोन शिंगांमधून आत शिरतं आणि शिवलिंगावर पडतं. कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव पाहिलेल्याला इथली गर्दी लगेच ओळखीची वाटेल. तीच धडपड, तोच रोखलेला श्वास. थॉमस आणि विल्यम डॅनियल या इंग्रज चित्रकार काका-पुतण्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस या देवळाची चित्रं काढली. बंगळूरच्या तारांगणातल्या खगोलशास्त्रज्ञ बी. एस. शैलजा यांनी ती चित्रं आजच्या बांधकामाशी ताडून पाहिली. चित्रं काढली तेव्हा तिथे भिंती कमी होत्या, म्हणजे सूर्यकिरणांची वाट पुढच्या बांधकामाने बदलली. कोल्हापुरात किरणांच्या वाटेत इमारती आडव्या येतात, गवीपुरात भिंती आल्या. सूर्य आपल्या जागी आहे, माणसं मध्ये येतात.

गवीपुरातच मराठ्यांचा गोसावी मठ आहे. बंगळूरच्या मध्यावर मराठा समाजाचा मठ पाहून बाहेरच्याला नवल वाटतं, पण या शहराचं आणि मराठ्यांचं नातं जुनं आहे. १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने तिसऱ्या केंपेगौडाकडून बंगळूर जिंकलं. केंपेगौडा मागडीकडे सरकला आणि बंगळूरची जहागीर शहाजीराजांकडे आली. जिजाबाई आणि बाल शिवाजी काही काळ इथे येऊन राहिले. जयराम पिंड्ये या कवीने 'राधामाधवविलासचंपू'त शहाजींच्या बंगळूरच्या दरबाराचं वर्णन केलं. पुढे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी तो ग्रंथ संपादून प्रसिद्ध केला, म्हणून तो मराठी वाचकांपर्यंत पोहोचला. त्या दरबारात अनेक भाषांचे कवी होते. शहाजींचे पुत्र व्यंकोजी यांनी १६६९ साली मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वराला गाव इनाम दिल्याचा शिलालेख आजही आहे. शेवटी १६८७ साली बंगळूर तीन लाखांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांकडे गेलं. मराठा राजवट सुमारे पन्नास वर्षं टिकली. मराठी कुटुंबं मात्र राहिली.

आज आपण जी बसवनगुडी पाहतो, रुंद सरळ रस्त्यांची, चौकाचौकांची, घरामागे अरुंद बोळ असलेली, ती मात्र जन्मली प्लेगमधून.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला, १८९७ साली पुण्यात त्याने रँडसाहेबाच्या खुनापर्यंत इतिहास नेला. ऑगस्ट १८९८ मध्ये तो हुबळीहून रेल्वेने बंगळूरला पोहोचला. जुन्या पेठेत घरं खेटून होती, उजेड-वारा नव्हता. हजारो माणसं मेली. म्हैसूर सरकारचे प्लेग कमिशनर होते व्ही. पी. माधवराव. त्यांचं पूर्ण नाव विश्वनाथ पाटणकर माधवराव, कुंभकोणमचे तंजावरी मराठी गृहस्थ. ते पुढे म्हैसूरचे आणि नंतर बडोद्याचे दिवाण झाले. पेठेबाहेर मोकळ्या जागेत वसाहत करावी हा विचार दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या काळात आधीपासून घाटत होता. प्लेगने त्याला घाई लावली. उत्तरेला मल्लेश्वरम आणि दक्षिणेला बसवनगुडी अशा दोन वसाहती उभ्या राहिल्या. काटकोनात छेदणारे रस्ते, हवा खेळेल असे अंतर ठेवून घरं, आणि मैला नेणाऱ्यांसाठी घरामागचे स्वतंत्र बोळ.

मुंबईकर वाचकाला हे ऐकून काहीतरी आठवेल. त्याच १८९८ साली मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, तोही प्लेगच्याच धास्तीने. त्यातून दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती निघाल्या. हिंदू कॉलनीच्या गल्लीत आणि बसवनगुडीच्या 'क्रॉस'वर, म्हणजे आडव्या रस्त्यावर, फिरताना सारखंच वाटतं ते उगाच नाही. रोगाची भीती एकच आणि उपायही एकच. साम्य आणखी एका बाबतीतही आहे, ते कमी सुखाचं. भूखंड देताना जातींचे वेगळे भाग आखले गेले. घरामागच्या बोळातून कोण चालायचं हेही ठरलेलं होतं. आज तिथे मोटारसायकली उभ्या असतात.

नव्या वसाहतीत पेन्शनर, शिक्षक, वकील, कारकून राहायला आले आणि त्यांच्याबरोबर पुस्तकं आली. इथल्या रस्त्यांची नावं वाचली तर अर्धा साहित्य-इतिहास समजतो. डी. व्ही. जी. रोड हे नाव डी. व्ही. गुंडप्पा यांचं. कवी, पत्रकार, विचारवंत. 'मंकुतिम्मन कग्ग' हा त्यांचा काव्यग्रंथ कानडी घराघरांत आहे. या माणसाचं दैवत होतं एक मराठी माणूस, गोपाळ कृष्ण गोखले. गुंडप्पांनी गोखल्यांचं कानडी चरित्र लिहिलं आणि १९४५ साली बसवनगुडीत 'गोखले इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक अफेअर्स' ही संस्था काढली. १९७० साली लोकांनी सत्कार करून त्यांना एक लाख रुपयांची थैली दिली, तीही त्यांनी संस्थेलाच देऊन टाकली. पुण्यातली गोखले संस्था अर्थशास्त्रात नाव मिळवून बसली. बंगळूरची गोखले संस्था बुल टेंपल रोडवर व्याख्यानं, वाचन आणि चर्चा चालवत राहिली. नेमस्त गोखल्यांना इतक्या निष्ठेने जपणारी जागा त्यांच्या जन्मगावापासून, कोतळूकपासून, इतक्या लांब सापडते, हे कोकणातल्या माणसालाही ठाऊक नसतं.

त्याच १९४५ साली एका मुंबईकराने इथे आणखी एक वाचनसंस्था उभी केली. बी. पी. वाडिया हे पारशी थिऑसॉफिस्ट. १९१८ साली मद्रास लेबर युनियन काढून देशातल्या संघटित कामगार चळवळीची सुरुवात करणाऱ्यांपैकी एक. त्यांनी आणि सोफिया वाडियांनी 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ वर्ल्ड कल्चर' स्थापन केली. तिच्या ग्रंथालयात पिढ्यानपिढ्यांची मुलं गोष्टीची पुस्तकं वाचत वाढली. संस्थेसमोरचा रस्ता आता त्यांच्याच नावाचा आहे.

कानडी कथेचे जनक मानले जाणारे मास्ती वेंकटेश अय्यंगार गवीपुरात राहत आणि बसवनगुडी क्लबात नेमाने जात. १९८३चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं. त्यांच्याआधी दहा वर्षं, १९७३ साली, हाच मान मिळाला होता द. रा. बेंद्रे यांना. धारवाडच्या या कवीची घरची भाषा मराठी. सोलापूरच्या कॉलेजात शिकवलेला हा माणूस कानडीचा महाकवी ठरला. आणि आर. के. नारायण यांचं मालगुडी? मल्लेश्वरमचा 'मल' आणि बसवनगुडीचा 'गुडी' जोडून ते नाव झालं, असं बंगळूरकर ठासून सांगतात. नारायण स्वतः म्हणत की १९३०च्या विजयादशमीला बंगळूरमध्ये लिहायला बसलो आणि एक रेल्वे स्टेशन नावासकट डोळ्यांपुढे आलं. आपण कुणावर विश्वास ठेवायचा ते ठरवायला हरकत नाही, पण बसवनगुडीत हा विषय काढायचा असेल तर वेळ हाताशी ठेवावा.

देवळांच्या या वस्तीत देवाधर्माची चिकित्सा करणारा माणूसही रुजला. गौरीबिदनूरजवळच्या होसूर या खेड्यातला एक गरीब मुलगा शिकण्यासाठी पायी चालत बंगळूरला आला आणि बसवनगुडीच्या नॅशनल हायस्कुलात दाखल झाला. ॲनी बेझंट यांच्या प्रेरणेने १९१७ साली ही शाळा निघाली होती. १९३६ साली गांधीजी शाळेत आले तेव्हा त्यांच्या हिंदी भाषणाचं कानडी करायचं काम याच मुलाला मिळालं. हे एच. नरसिंहय्या. अमेरिकेत अणुभौतिकीत डॉक्टरेट घेऊन ते परतले, नॅशनल कॉलेजचे प्राचार्य झाले आणि जन्मभर कॉलेजच्या वसतिगृहातल्या एका खोलीत राहिले. खादी आणि गांधी टोपी हा वेश. १९६२ साली त्यांनी 'बंगळूर सायन्स फोरम' काढला. बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू असताना १९७६ मध्ये चमत्कार आणि अंधश्रद्धा तपासणारी समिती नेमली आणि सत्यसाईबाबांना प्रयोगाचं आव्हान दिलं. महाराष्ट्रात नरेंद्र दाभोलकरांनी अंधश्रद्धा निर्मूलन समिती काढली ती १९८९ साली, त्यानंतर तेरा वर्षांनी. नरसिंहय्यांच्या कॉलेजपासून दोड्ड बसवण्णाचं देऊळ चालण्याच्या अंतरावर आहे. त्यांच्या हयातीत परिशे बंद पडली नाही आणि सायन्स फोरमही.

इतकं फिरून झाल्यावर भूक लागतेच, आणि बसवनगुडीत ती भागवायच्या जागाही ठरलेल्या आहेत. गांधी बाजार हा इथला मुख्य बाजार. फुलं, केळीची पानं, पूजेचं सामान आणि कुरकुरीत खाऊ. 'विद्यार्थी भवन' १९४३ साली इथेच निघालं, नावाप्रमाणे आसपासच्या विद्यार्थ्यांसाठी. उडुपीकडच्या माणसाने सुरू केलेलं हे हॉटेल आजही शुक्रवारी बंद असतं. बाकीच्या दिवशी बाहेर नावं पुकारेपर्यंत थांबावं लागतं. भिंतींवर कानडी लेखकांची रेखाचित्रं आणि वेटरच्या हातावर मनोऱ्यासारख्या रचलेल्या थाळ्या. मसाला डोसा जाड, बाहेरून खरपूस, आत लुसलुशीत. सोबत पातळ चटणी, आणि सांबार मागायचं नाही. शंकरपुरातल्या 'ब्राह्मिन्स कॉफी बार'मध्येही सांबार नाही. १९६५ पासून इडली, वडा, खारा भात, केसरी भात आणि कॉफी, बस्स. उभ्याने खायचं आणि निघायचं. दोघांत एक कॉफी हवी असेल तर 'बाय टू' म्हणायचं. मुंबईच्या कटिंगचंच हे भावंड.

गणेशोत्सवातही इथली चाल निराळी. श्री विद्यारण्य युवक संघाचा 'बंगळूर गणेश उत्सव' १९६२ पासून भरतो. गणपती बसतो, पण लोक येतात ते गाणं ऐकायला. टिळकांनी सार्वजनिक केलेला उत्सव इथे संगीतसभेच्या रूपाने रुजला.

२०१७च्या जूनमध्ये मेट्रोचं 'नॅशनल कॉलेज' स्थानक सुरू झालं. त्यानंतर काही वर्षांनी गांधी बाजाराचा रस्ता पादचाऱ्यांसाठी नव्याने करायला घेतला. झाडं, दुकानदार, गाड्या लावायची जागा, सगळ्यांवरून वाद झाले. प्रत्येकाला आपल्या आठवणीतला बाजार हवा होता. मुळात वसाहत वसवली तेव्हा सुंकेनहळ्ळीच्या शेतकऱ्यालाही आपलं शेत आठवत असणारच, त्याला मात्र कुणी विचारलं असेल असं वाटत नाही.

परिशेच्या सोमवारी त्याच्या जागी चिंतामणीचा शेतकरी पोत्यावर बसलेला असतो. गिऱ्हाईक भाव पाडून मागतं, तो कानावर घेत नाही. मग सेरु काठोकाठ भरून पिशवीत रिकामा करतो आणि वर स्वतःहून एक मूठ टाकतो. त्या वरच्या मुठीला कानडीत 'कोसरु' म्हणतात. ती पडेपर्यंत गिऱ्हाईक पिशवी मिटत नाही.